काका फार चांगले आहेत, पण सायकल कशी आहे?

"ताई, मी पस्तिशीची आहे, ऑफिसला सायकलने जायचं मनावर घेतलंय. नवीन घेण्याइतकं बजेट नाही म्हणून सेकंड हँड बघत होते. जाहिरात बघून एका काकांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीची गिअरची सायकल आहे, ती शिकायला बाहेर गेली आणि नोकरी लागून तिकडेच राहिली. काका इतके प्रेमळ, तासभर गप्पा झाल्या, म्हणाले तू मला मुलीसारखीच, सायकल फारशी चालवलेलीच नाही, आज घेऊन जा आणि पैसे सावकाश दे. मागच्या टायरमध्ये हवा नव्हती म्हणून चालवता आली नाही, नुसती बसून बघितली, जरा उंच वाटली. त्यांच्यासमोर वाकून वाकून तपासायला मला कसंतरीच झालं, म्हणून 'कळवते' म्हणून निघून आले. घरी मिस्टर म्हणतात अनोळखी माणूस एवढा गोड बोलतोय म्हणजे काहीतरी गडबड आहे. मला अजिबात तसं वाटत नाही. घेऊ का? आणि तपासायची तर त्यांना वाईट न वाटता कशी तपासू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचा आणि मिस्टरांचा वाद चाललाय तो काकांवरून, ते खरंच चांगले की गोड बोलून गळ्यात मारणारे, आणि या सगळ्यात सायकल मात्र अजून कुणी धड बघितलेलीच नाहीये. मला विचाराल तर काका चांगलेच असतील. मुलीची वस्तू घरात उभी असते, ती धूळ खात पडलेली बघवत नाही, आणि ती कुणीतरी नीट वापरावी असं आईवडिलांना अगदी आतून वाटतं, म्हणून माणूस तासभर बोलतो. पण जरा विचार करा, सायकल काकांनी चालवलेलीच नाही, मुलीने चालवलीय. ब्रेक कधी बदलले, कुठे धडकली होती का, चाक कधी वाकलं होतं का, हे काकांना माहीत असायचं कारणच नाही. ते अगदी मनापासून "एक नंबर सायकल आहे" म्हणू शकतात आणि तरीही फ्रेमला तडा असू शकतो, आणि त्यात काका खोटं बोलले असं काही होत नाही. तेव्हा तपासणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं हे आधी मनातून काढून टाका. घर भाड्याने घ्यायला गेल्यावर आपण नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो, घरमालक काय त्यावर रुसून बसतो का?

फोन करा आणि सरळ सांगा, "काका, सायकल आवडलीय, घ्यायचं मनात आहे. पण मी रोज ट्रॅफिकमधून जाणार, तेव्हा एकदा दिवसाउजेडी नीट बघते, हवा भरून एक चक्कर मारते आणि मग ठरवू. सोबत सायकल दुरुस्त करणाऱ्याला आणलं तर चालेल ना?" एवढं आधीच बोलून ठेवलं की तिथे गेल्यावर वाकून बघायला लाज वाटत नाही, कारण तुम्ही बघायलाच आलात हे दोघांनाही माहीत असतं. मेकॅनिक यायला तयार नसेल तर उलटं करा, सायकल त्याच्याकडे न्यायची परवानगी मागा, काकांनाही सोबत चला म्हणा. जो माणूस पैसे न घेता सायकल घेऊन जा म्हणतोय तो याला नाही म्हणणार नाही. आणि म्हणालाच, तपासणीचा विषय काढल्यावर सूर बदलला, घाई सुरू झाली, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" वगैरे, तर मात्र मिस्टरांचं ऐका.

आणि अजून एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काकांना सांगा की मुलीला एक फोन लावू या. घरगुती, मोकळ्या स्वभावाचा विक्रेता मिळाल्याचा खरा फायदा हाच, की सायकलचा इतिहास विचारता येतो, दुकानातल्या जुन्या सायकलीचा इतिहास कोण सांगणार तुम्हाला? मुलीला विचारा: जोरात पडली किंवा कशाला धडकली होती का, काय काय बदललंय, शेवटची कधी चालवली, काही त्रास देत होती का. "चांगली आहे ना?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "तुला तिचा कशाचा वैताग यायचा?" असं विचारा, मग लोक खरं बोलतात, चेन पडायची, तिसऱ्या गिअरला खडखडायची, पुढचा ब्रेक नीट लागायचा नाही, सगळं बाहेर येतं.

आता "फारशी चालवलेलीच नाही" यावर जरा सविस्तर बोलते, कारण हे वाक्य ऐकून आपण खूश होतो आणि तिथेच फसतो. उभी असलेली सायकल झिजत नाही हे बरोबर, पण म्हातारी होतेच. रबर वाळतं, टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात. हवा गेलेली असताना महिनोन्‌महिने तशीच उभी राहिली की सगळं वजन टायरच्या एकाच जागेवर येतं आणि तिथे घडी पडते, तुमच्या मागच्या टायरचं बहुधा हेच झालं असेल. ब्रेक शू (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबले जाणारे रबरी ठोकळे) कडक होतात, त्यांना चकाकी येते, मग ब्रेक दाबला की किंचाळतो आणि सायकल मात्र पुढे जात राहते. बेअरिंगमधलं ग्रीस सुकून घट्ट होतं. केबल कव्हरच्या आतल्या आत गंजते, बाहेरून काही दिसत नाही, फक्त ब्रेक लिव्हर दाबून सोडलं की ते टपकन मागे न येता रेंगाळत येतं. गिअरच्या लिव्हरचंही तसंच, आतलं ग्रीस चिकट होतं आणि त्यातला छोटासा खटका अडकून बसतो, मग लिव्हर दाबलं तरी नुसतं रिकामं जातं, गिअर पडत नाही. लोकांना वाटतं गिअर गेले, पण पुष्कळदा ते साफ करून हलकं तेल दिलं की चालू होतात, तेव्हा तेवढ्यावरून लगेच नाही म्हणू नका, मेकॅनिकला दाखवा.

तर काकांचं म्हणणं खरं धरूनसुद्धा टायर, ट्यूब, केबल, ब्रेक शू आणि कदाचित चेन, एवढा खर्च तुमच्या माथी येणार असं समजूनच चाला. टायर दोन बोटांत चिमटीत धरून वाकवा, भेगा उघडतात. आतले धागे दिसले की टायर संपलं, ते बदलायचंच. टायर बदलायचंच असेल तर त्याच्या बाजूला छापलेला आकडा फोटो काढून ठेवा, ३७-६२२ असं काहीतरी असतं, त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतं तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात नुसतं "२६ चं द्या" म्हणून चालत नाही, कारण २६ इंची म्हणून विकली जाणारी टायरं वेगवेगळ्या मापांची असतात, माउंटन बाइकचं ५५९ आणि जुन्या साध्या सायकलींतलं २६ गुणिले १ ३/८ म्हणजे ५९०, एकाचं दुसऱ्यावर चढतच नाही.

आता तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय ते "जरा उंच वाटली". मला या पत्रात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. बाकी सगळं बदलता येतं, टायर बदलेल, चेन बदलेल, पण फ्रेमचं माप बदलत नाही, आणि चुकीच्या मापाची सायकल माणूस चालवायचीच बंद करतो, मान दुखते, हात बधिर होतात, सिग्नलला थांबताना भीती वाटते, मग ती परत कुणाच्या तरी बाल्कनीत उभी. पण लगेच घाबरूही नका, कारण "उंच वाटली" याचे दोन अर्थ होतात. पुष्कळ जणांना वाटतं की सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, तसं नसतं हो. सीट बरोबर उंचीवर असेल तर बसल्या जागी फक्त चवडे टेकतात, थांबताना आपण सीटवरून पुढे उतरतो. मुलगी तुमच्यापेक्षा उंच असेल, तिने सीट वर ठेवली असेल, तर तो दोन मिनिटांचा प्रश्न आहे. फ्रेमच मोठी असेल तर मात्र उपाय नाही.

बघायचं असं. सीटच्या पुढे, फ्रेमचा वरचा दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून उभ्या राहा. दांडा आणि तुमच्यात किमान तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा पाहिजे. दांडा लागत असेल तर फ्रेम मोठी, विषय संपला, काका कितीही चांगले असोत. (दांडा खाली वाकवलेली लेडीज फ्रेम असेल तर ही टेस्ट कामाची नाही, मग पुढचीच बघा.) मग कुणालातरी सायकल धरायला सांगून सीटवर बसा, पेडल अगदी खाली घ्या आणि त्यावर टाच ठेवा, पाय जवळजवळ सरळ झाला की सीटची उंची बरोबर. चालवताना आपण चवड्याने पेडल मारतो, त्यामुळे गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. या उंचीवर बसून हँडल धरलं की खांदे कानाशी येतायत का, कोपर ताठ होतायत का ते बघा. थोडंसं लांब वाटलं तर हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड घालून भागतं, फार लांब असेल तर नाही.

हे करायला सीट खालीवर करावी लागेल आणि ते करताना एक मोठी परीक्षा आपोआप होऊन जाते, सीटची नळी हलते का. वर्षानुवर्षं न हललेली नळी फ्रेममध्ये गंजून अशी धरून बसते की भल्याभल्या मेकॅनिकला निघत नाही, विशेषतः स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची नळी असेल तर, दोन वेगळे धातू, त्यात ओल, आणि ते एकमेकांना खाऊन घट्ट होतात. नळी मुलीच्या उंचीला अडकलेली असेल आणि तुमची उंची वेगळी असेल तर ती सायकल तुमच्या कामाची नाही. म्हणून "ते नंतर तेल टाकून होईल" यावर विश्वास ठेवू नका, तुमच्यासमोर नळी वरखाली झाली पाहिजे. नळीवर एक आडवी खूण असते, कमीत कमी इथपर्यंत आत पाहिजे अशी, ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसत असेल तर सीट जास्त वर काढलीय, तशी चालवायची नाही, नळी मोडू शकते किंवा फ्रेमला तडा जाऊ शकतो.

माप जमलं की फ्रेम. इथे लाज न बाळगता खाली बसा, हवं तर सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. हँडलच्या खाली फ्रेमच्या दोन नळ्या जिथे येऊन जुळतात, त्या जोडाच्या अगदी मागे, खालच्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. सायकल समोरून कशाला धडकलेली असेल तर तिथे नळीला सुरकुती पडते किंवा बारीक फुगवटा येतो, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो, आणि तिथला रंग केसासारख्या रेषेत तडकलेला असतो. नुसता रंग खरवडला गेला असेल तर काही नाही, ओरखडे असणारच. पण वेल्डिंगच्या शेजारून जाणारी रेष, नखाने खरवडल्यावर नख अडकतंय अशी, ती तडा असू शकते. अशीच रेष सीटच्या क्लॅम्पपाशी, दोन्ही पेडलांना जोडणाऱ्या मधल्या अ‍ॅक्सलच्या आसपास आणि मागचं चाक जिथे बसतं तिथे बघा. मग बाजूने दोन पावलं मागे जाऊन पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बघा, हँडलखालच्या नळीच्या रेषेतून तो सरळ किंवा हलका पुढे वळलेला दिसला पाहिजे, मागे दबलेला दिसला तर ठोकलेली सायकल आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा म्हणजे माझ्या मते सरळ नाही. स्टीलची फ्रेम चांगला वेल्डर दुरुस्त करू शकतो, अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही, वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि परत ताकद आणायला जी प्रक्रिया लागते ती साध्या दुकानात होत नाही. कुठला धातू आहे ते कळायला चुंबक लावून बघा, स्टीलला चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमला नाही. कार्बनची निघाली तर (गिअरच्या साध्या सायकलीत सहसा नसते) जाणकाराशिवाय हात लावू नका, कार्बन आतून फाटलेला असला तरी वरून छान दिसतो.

मग पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या जोडावर ठेवा, तिथे टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे, बऱ्याचदा नुसतं आवळून होतं. पण पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवताना बरोबर मध्ये ते गचकन अडकल्यासारखं झालं तर आतल्या वाट्यांना खड्डे पडलेत, ते आवळून जात नाही, बदलावं लागतं. पेडलचा क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) धरून फ्रेमकडे आत-बाहेर हलवा, चाकाचा रिम धरून डावी-उजवीकडे हलवा, कुठेही प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर लिहून ठेवा, मेकॅनिकला विचारायचं.

चाक उचलून फिरवलं की ब्रेक शू आणि रिम यांच्या मधल्या फटीकडे बघत राहा, फट कमी-जास्त होतेय म्हणजे चाक आउट, वाकडं आहे. थोडंसं असेल तर तारा आवळून निघतं. तारा एकेक करून बोटाने छेडा, एखादी अगदी ढिली, एखादी खूप ताठ असं असेल तर चाकाने मार खाल्लाय.

मग रिम, हे लोक हमखास विसरतात. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर प्रत्येक वेळी ब्रेक मारला की रिम थोडी थोडी खरवडली जाते. ब्रेक जिथे घासतो त्या पट्ट्यावर अंगठा फिरवा, सपाट लागला पाहिजे, मध्ये खोलगट, वाटीसारखा लागला तर रिम पातळ झालीय. बऱ्याच रिमवर त्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा टिंब कोरलेलं असतं, ते पुसलं गेलं की रिम बदलायची असा त्याचा अर्थ. पातळ झालेली रिम टायरमधल्या हवेच्या दाबाने चालत्या सायकलीवर फाटू शकते, तेव्हा इथे "अजून थोडे दिवस चालेल" करायचं नाही. डिस्क ब्रेक असतील तर रिमचा प्रश्न नाही, डिस्कवर बहुधा किमान जाडी छापलेली असते, ती मेकॅनिककडून मोजून घ्या.

चेनसाठी एक मोठी पट्टी सोबत न्या, इंच असलेली. चेन ताणलेली ठेवून एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढे २४ पिना मोजा. प्रत्येक पिन पुढच्यापासून बरोबर अर्ध्या इंचावर असते, म्हणजे चोविसावी पिन १२ इंचांवर, ३०४.८ मिलिमीटरवर पडली पाहिजे. बरोबर १२ वर असेल तर काकांचं "फारशी चालवली नाही" बहुधा खरं. साधारण दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. तीन मिलिमीटर म्हणजे इंचाचा आठवा भाग पुढे असेल तर मागची दातेरी चक्रंही त्या चेनसोबत झिजलीत, नुसती नवी चेन घालून ती दातांवरून घसरणार, दोन्ही बदलायचा खर्च धरा. लोखंड काही ताणून लांब होत नाही, चेनच्या पिना आणि त्या ज्यात फिरतात ती भोकं झिजतात आणि प्रत्येक सांध्यात इवलासा ढिलेपणा येतो, तो सगळा मिळून लांबी वाढते. मला ही पट्टीची टेस्ट फार आवडते कारण यात कुणाला काही विचारावं लागत नाही, सायकल किती चालली ते ती स्वतः सांगते. हो, चेन मध्ये कधी बदललेली असू शकते, म्हणूनच मुलीला विचारायचं.

हे सगळं झाल्यावरच चक्कर. पंप घेऊन जा, मागच्या ट्यूबमध्ये हवा टिकत नसेल तर आधी मेकॅनिककडून ट्यूब टाकून घ्या, पण चालवल्याशिवाय घेऊ नका, अजिबात नाही. आधी उभ्या उभ्या दोन्ही ब्रेक दाबून बघा, लिव्हर हँडलला टेकत असेल तर चालवूच नका. मोकळ्या जागेत निघा, सगळे गिअर वर-खाली करा, मग जड गिअरवर टाकून थोड्या चढावर जोर लावा, चेन कडकन घसरली तर दाते गेलेत. हँडल सैल धरल्यावर सायकल सतत एकाच बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा फ्रेम वाकडी असू शकते. कुणालातरी मागून बघायला सांगा, दोन्ही चाकं एका रेषेत धावतायत का.

घंटी, स्टँड, मडगार्ड, कॅरिअर यांच्याकडे फार लक्ष देऊ नका, ते असलं तर बरं. लॉक देत असतील तर चाव्या किती आहेत ते मात्र विचारा.

आता पैसे. "आज घेऊन जा, पैसे सावकाश दे" हे ऐकायला फार गोड आहे आणि काका ते प्रेमानेच म्हणालेत, पण घेऊ नका. एकदा सायकल तुमच्या घरात आली की मग दोष निघाला तरी तुम्ही परत करणार नाही, कारण त्यांनी एवढा विश्वास टाकला आता काय तोंडाने सांगू, असं होणार, तुमच्या पत्रावरून तरी मला तसंच दिसतंय. आणि पैसे द्यायला दोन दिवस उशीर झाला तर अवघडलेपण वेगळंच. आधी बघणं, मग भाव, मग पूर्ण पैसे आणि त्याच वेळी सायकल, असंच करा. उलट बाजूने, बघायच्या आधी टोकन म्हणून ऑनलाइन पैसे पाठवायला कुणी सांगितलं तर तेही नाही.

भाव करताना घासाघीस केल्यासारखं वाटतं म्हणून लोक चांगल्या माणसाशी भावच करत नाहीत. मेकॅनिककडून लिहून घ्या, काय बदलायला लागेल आणि साधारण किती खर्च, तो कागद काकांसमोर ठेवा. "काका, सायकल छान आहे, पण चालू करायला एवढा खर्च आहे, तो वजा करून द्याल का?" यात तुम्ही त्यांच्या मुलीच्या सायकलीला नावं ठेवत नाही, आकडे दोघांसमोर आहेत. आणि मनातल्या मनात दोषांचे तीन वेगळे गट करा. टायर, ट्यूब, केबल, ब्रेक शू, चेन, सर्व्हिसिंग हे सगळं भावातून वजा होतं, त्यासाठी चांगली सायकल सोडायची नाही. चाकं, मागची चक्रं, गिअर लिव्हर असं मोठं काही गेलं असेल तर बेरीज करा, ती नव्या सायकलीच्या जवळ जात असेल तर थांबा. फ्रेम, फोर्क, अडकलेली सीटची नळी, चुकीचं माप, यापैकी काही निघालं तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय, तुम्ही रोज गाड्यांच्या मधून जाणार आहात.

घ्यायची ठरली तर मालकीची खात्री करून घ्या, आणि यातही संकोच नको. पेडलचा अ‍ॅक्सल ज्या जाड नळीतून जातो तिच्या खालच्या बाजूला बहुतेक सायकलींवर सीरियल नंबर ठोकलेला असतो, कधी सीटची नळी फ्रेमच्या ज्या नळीत जाते तिच्यावर किंवा हँडलखाली असतो. जुनी पावती सापडली तर त्यावरचा नंबर जुळवून बघा, नाही सापडली तर हरकत नाही, घराघरातून पावत्या हरवतातच. साध्या कागदावर लिहून घ्या, कोणी कोणाला विकली, कंपनी, रंग, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि दोघांनी त्याचा फोटो काढून ठेवायचा. उद्या सायकल चोरीला गेली तर तक्रार द्यायला हाच कागद लागेल. नंबर घासून काढलेला दिसला तर काही न बोलता परत या, इथे मात्र माणूस किती गोड हे बघायचं नाही.

आणि नाही म्हणायची वेळ आली तर "कळवते" म्हणून गायब होऊ नका, काका वाट बघत बसतील. त्याच दिवशी सांगा: "काका, तुम्ही आणि तुमच्या मुलीने एवढा वेळ दिलात, खूप बरं वाटलं. पण फ्रेम माझ्या मापाची नाही, म्हणून मी घेत नाहीये." खरं कारण सांगितलं की त्यांनाही पुढच्या माणसाला सांगता येतं, उंच मुलीला चालेल म्हणून. आणि फ्रेमला तडा निघाला असेल तर ते आवर्जून दाखवा, जागेवर बोट ठेवून, कारण त्यांना माहीत नसेल तर ते ती आणखी कुणालातरी तितक्याच प्रेमाने देऊन टाकतील.

घेतलीत तर चालवत घरी आणू नका, मेकॅनिककडे न्या, टायर आणि ब्रेक झाल्यावरच रस्त्यावर. गाडीत घालून न्यायची असेल आणि पेडलं काढावी लागली तर एक लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. उजव्यासारखं समजून मोठ्या पान्याने उलट्या दिशेला जोर लावला तर ते अजून आवळत जातं, आणि परत बसवताना आटे नीट जुळले नाहीत तर क्रँकचेच आटे जातात. आधी हाताने तीन-चार फेरे सहज फिरतंय ना बघायचं आणि मगच पाना लावायचा.